नववीच्या विज्ञानाला रॅप, पोवाडा की ध्वनीची प्रयोगशाळा? सांगलीतल्या शिक्षकांसाठी तुलना

सांगली-मिरज-कुपवाडच्या शाळांतली आठवी-नववीची मुलं मधल्या सुट्टीत बाक वाजवून रॅप करतात. त्या बाकाचा विज्ञानाच्या तासाला उपयोग करायचा का, हा प्रश्न आता अनेक शिक्षकांपुढे आहे. शाहिरीच्या या मुलखात लगेच दुसरी सूचनाही येते: रॅप कशाला, पोवाडा आहेच की. आणि गाणं-बिणं नको, बीटवरून थेट ध्वनीच शिकवा, असं म्हणणारेही भेटतात. तिन्ही वाटा चांगल्या आहेत, पण तिन्हींचं काम वेगवेगळं आहे.

रॅप ज्या संस्कृतीचा भाग आहे, त्या हिप-हॉपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कच्या पार्टीत झाली, असं मानलं जातं. त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठाचे ख्रिस्तोफर एम्डिन आणि रॅपर जिझा यांनी २०१२-१३ च्या सुमारास सरकारी शाळांमध्ये विज्ञानाच्या रॅपच्या स्पर्धा सुरू केल्या. तिथे शिक्षक गात नव्हते. मुलं लिहीत होती आणि लिहिलेलं वर्गापुढे मांडत होती. आपल्याकडे नेमकं हेच उलटं होतं. सर स्वतः रॅप करून दाखवतात, मुलं दोन मिनिटं हसतात आणि धडा होता तिथेच राहतो.

रॅप

चार जणांचा गट, प्रत्येकाला चार ओळी, म्हणजे गटाच्या सोळा ओळी. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली, तर चार ठोक्यांची एक ओळ २.७ सेकंदांत संपते आणि सोळा ओळी सुमारे ४३ सेकंदांत. मराठीत अशा ओळीत दहा ते चौदा अक्षरं आरामात बसतात. त्याहून जास्त कोंबली की मुलं शब्द गिळतात, आणि गिळला जातो तो नेमका पारिभाषिक शब्द. साठ मुलांच्या वर्गात पंधरा गट होतात. उठबस धरूनही सगळे गट एका तासात उरकतात. बीटसाठी यूट्यूब लावू नका, मध्येच जाहिरात येते. बाकावर मूठ-मूठ-टाळी पुरेशी आहे. ती आपल्या केरवा तालाच्या अंगानेच जाते, त्यामुळे मुलांना लय शिकवावी लागत नाही.

एकूण चार तास धरा. पहिल्यात प्रयोग, दुसऱ्यात धड्यातल्या आठ पारिभाषिक शब्दांची यादी आणि लेखन, तिसऱ्यात तपासणी, चौथ्यात गोल उभं राहून सादरीकरण. वेळ कमी पडला की लोक तिसरा तास गाळतात, आणि तिथेच घात होतो. यमक चुकीच्या विज्ञानाकडे कसं ओढतं, ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरच्या या ओळींत बघा:

भिंतीला मारला धक्का, भिंतीनं दिला परत,
दोन्ही धक्के मिटले, म्हणून भिंत नाही सरत.

ऐकायला छान, पण चूक. क्रिया आणि प्रतिक्रिया ही बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, ती एकमेकांना मिटवत नाहीत. ही चूक नुसत्या व्याख्येच्या घोकंपट्टीत कधीच उघडी पडली नसती. मुलाच्या डोक्यात काय बसलंय ते रॅपने कागदावर आणलं, आणि रॅपची खरी किंमत इथेच आहे. आता त्याला चाकाच्या खुर्चीवर बसवा, पाय उचलायला लावा आणि भिंत ढकलायला सांगा. मग ओळी बदलतात:

धक्का माझा भिंतीवर, भिंतीचा तो माझ्यावर,
पाया धरतो भिंतीला, मीच सरकतो चाकांवर.

गुण देताना दहापैकी पाच अचूकतेला, तीन कारण सांगण्याला आणि दोनच यमकाला द्या. यमकाला जास्त दिले की नुसती शब्दांची यादी येते: त्वरण, संवेग, बल, वेग, पण कशामुळे काय झालं याचा पत्ता नसतो. संज्ञा पुस्तकातलीच हवी, स्पष्टीकरण मात्र मुलांच्या बोलीत येऊ द्या. 'लय जोरात' चालेल, 'त्वरण'च्या जागी 'वेग' चालणार नाही. शिव्या आणि कुणाच्या घरावर-जातीवर ओळ नको, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि प्रत्येकाच्या चार ओळी पक्क्या ठेवा, नाहीतर दोन धीट मुलगे सगळं म्हणतात आणि मुली मागे टाळ्या वाजवत राहतात.

पोवाडा

अण्णा भाऊ साठे याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यामुळे शाहिरीला इथे घरचा मान आहे आणि पालकही खूश होतात. लांब, क्रमाने घडणारी गोष्ट पोवाड्यात उत्तम बसते: एखाद्या शास्त्रज्ञाचं आयुष्य, लसीचा शोध, किंवा कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवरून ४५ फुटांच्या धोका पातळीवर कसं जातं, ते.

अडचण रचनेतच आहे. शाहीर एक, बाकीचे झीलकरी. 'जी जी रं जी' म्हणणाऱ्या पाच मुलांना विज्ञान सांगावं लागत नाही. विज्ञान दिनाला, पालकांपुढे पोवाडाच घ्या. वर्गातल्या रोजच्या शिकण्याला तो कमी पडतो.

ध्वनीची प्रयोगशाळा

ही वाट एकाच धड्याला लागू पडते, 'ध्वनीचा अभ्यास'. पण तिथे तिला तोड नाही. शिक्षकांच्या दोन मोबाईलवर फायफॉक्स हे मोफत ॲप टाका आणि त्यातलं ध्वनी-स्टॉपवॉच उघडा. फोन एकमेकांपासून ५ मीटरवर ठेवा. पहिल्या फोनजवळ एक टाळी, थोड्या वेळाने दुसऱ्या फोनजवळ दुसरी. पहिलीने दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसरीने थांबतात. दोन फोनांवरच्या वेळांत सुमारे ०.०२९ सेकंदांचा फरक येतो. दोन्ही टाळ्यांचे आवाज ५-५ मीटर जातात, म्हणून १० मीटरला या फरकाने भागलं की ध्वनीचा वेग मिळतो, ३४५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. आकडा भलताच आला, तर पंखा बंद करा आणि ज्या आवाजाला घड्याळ सुरू होतं ती मर्यादा ॲपमध्ये वाढवा. बहुतेक वेळा शेजारच्या वर्गाच्या गोंगाटानेच घड्याळ सुरू झालेलं असतं.

६ मीटर लांबीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून मोठ्या स्पीकरवर ५८ हर्ट्झचा सूर सोडा. काही बाकांवर बेस घुमतो, काहींवर जवळजवळ नाहीसा होतो. कुठे घुमतो आणि कुठे नाहीसा होतो, ते मुलांना खोलीभर चालत शोधू द्या. मोबाईलच्या स्पीकरमधून एवढा खर्जाचा सूर निघतच नाही, त्यामुळे त्यावर प्रयोग फसतो. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जमलं तर एक तंबोरा वर्गात आणा. भोपळ्यावर तळहात ठेवून तार छेडली की कंपन हाताला कळतं.

ध्वनी सोडून हिप-हॉपमधल्याच ब्रेक-डान्सवरून फिरण्याची गती शिकवायची हौस असेल, तर शहाबादी फरशीवर डोक्यावर फिरणं अजिबात नको, मानेला इजा होते. फिरत्या स्टुलावर मुलाला हात पसरून बसवा, दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची बाटली द्या, हळू फिरवा आणि हात जवळ घ्यायला सांगा. फिरण्याचा वेग वाढलेला सगळ्यांना दिसतो.

सुरुवात कुठून

वर्षात एकच प्रयत्न करायचा असेल, तर रॅप घ्या आणि धडा 'आम्ल, आम्लारी व क्षार' निवडा. सांगलीत हळद शोधायला जावं लागत नाही. चमचाभर हळद ५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये ढवळा, टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. स्पिरिट आहे तोवर जवळपास काडी पेटवू नका. पट्टीवर चुन्याची निवळी किंवा धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की ती तांबडी होते. त्यावर भरपूर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. फक्त लिंबू टाकलं तर मात्र पट्टी पिवळीच राहते, आणि मुलं 'आम्लाचा काही परिणाम नाही' असं लिहून मोकळी होतात. प्रत्येक गटाच्या शेवटच्या चार ओळींत याचंच उत्तर यायला हवं: लिंबाने पिवळी पट्टी बदलली नाही, मग तांबडी झालेली पट्टी त्याच लिंबाने पिवळी का झाली?