संध्याकाळी अंगात येणारी तर्री आणि ३६ इंची क्रेट: आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचावं लागू नये. क्रेट, म्हणजे कुत्र्यासाठीचा जाळीचा पिंजरा, घ्या. पण पिल्लू आत घातलं की आपोआप झोपतं अशा समजुतीत असाल तर चार हजार रुपये वाचवा. आमच्या क्रेटमध्ये पहिले दहा दिवस फक्त वाळलेले कपडे झोपले.

तर्री मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. गावठी, सात-आठ आठवड्यांची, प्रतापनगरातल्या एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर एकटी सापडलेली. रंग थेट पोह्यांवरच्या तर्रीचा, म्हणून लेकीने तेच नाव ठेवलं. दिवसभर गुणाची. संध्याकाळचे साडेसात वाजले की मात्र अंगात यायचं. सोफ्याभोवती घिरट्या, पायपुसणं धरून झटकणं, शोकेसच्या काचेतल्या स्वतःवर भुंकणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे चावणं. दुपारी तिने बोट तोंडात धरलं तर गुदगुल्या व्हायच्या. संध्याकाळी तेच सुईसारखे दात सलवारीतून आरपार. मार्चअखेर माझ्या पोटऱ्या पाहून ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, बोरीत पडलीस का?

आम्ही काय केलं, तर तिला आणखी खेळवलं. सगळ्यांचा सल्ला तोच होता, "दमवा, म्हणजे पडेल." नवरा गच्चीवर नेऊन चाळीस-चाळीस मिनिटं चेंडू फेकायचा. ती पडायची नाही. नवरा पडायचा. खाली आल्यावर तिचे डोळे लाल, कान मागे, आणि धिंगाणा पहिल्यापेक्षा दुप्पट.

दुसऱ्या लसीच्या वेळी डॉक्टरांसमोर मी हे गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी खाणं, व्यायाम काहीच विचारलं नाही. विचारलं, "दिवसभरात झोपते किती?" मी म्हटलं, झोपते की बरीच. "बरीच म्हणजे किती तास?" याला उत्तर नव्हतं. घरी आल्यावर लेकीने गणिताची जुनी वही काढली आणि तीन दिवस तर्रीच्या झोपेचा हिशेब लिहिला. रात्र धरून जेमतेम अकरा तास. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास लागतात.

मग सगळं लख्ख दिसलं. घरात पाच माणसं. कोणी उठलं की ती उठणार. दूधवाल्याची बेल, भाजीवाल्याची आरोळी, कुकरची शिट्टी, कचरागाडीचं गाणं, प्रत्येकाला तिची हजेरी. दुपारी दहा मिनिटं डोळा लागायचा की लेक शाळेतून यायची. लग्नघरातलं लेकरू दुपारी झोपलं नाही की रात्री पंगतीत लोळून रडतं, तसं आमच्याकडे रोज चाललं होतं. आणि त्यावर उपाय म्हणून आम्ही तिला अजून नाचवत होतो.

तेव्हा क्रेट मागवला. घडीचा, लोखंडी जाळीचा, ३६ इंच लांब, दोन दारं, मध्ये लावायची एक जास्तीची जाळी आणि खाली प्लॅस्टिकचा ट्रे. ती मधली जाळी नसलेला क्रेट पिल्लासाठी घेऊ नका. एवढ्या मोठ्या जागेत पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. उभं राहता यावं, गोल फिरून आडवं होता यावं, एवढीच जागा द्यायची आणि ते वाढेल तशी जाळी मागे सरकवायची. आम्ही तीनदा सरकवली.

सासूबाईंना क्रेट उघडताच राग आला. "काहून कोंडून राहिली व तिले? चोर हाय का ते?" त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. पहिल्या दिवशी मी खरंच तिला उचलून आत ठेवलं आणि दार लावलं. वीस मिनिटं असा काही गळा काढला की वरच्या मजल्यावरून फोन आला. त्यानंतर दहा दिवस दार लावायचं नावच काढलं नाही. वाटी आत, दार उघडं. आधी दाराशी, मग अर्ध्यावर, मग शेवटच्या टोकाला. खाली सासूबाईंचीच जुनी गोधडी. (मागितली नव्हती, त्यांनीच आणून दिली. मी काही बोलले नाही.) अकराव्या दिवशी जेवण झाल्यावर ती आतच पसरली. दार अलगद लोटलं आणि मी शेजारी फरशीवर बसून मेथी निवडली. दोन जुड्या निवडून होईपर्यंत ती घोरत होती.

खरं काम यानंतरचं, आणि ते घड्याळाचं आहे. तीन महिन्यांची असताना तास-सव्वा तास जागी, मग दीड-दोन तास क्रेटमध्ये, असं दिवसभर. दुपारी घरी सासूबाई, म्हणजे हा कार्यक्रम त्यांनाच राबवावा लागला आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा कडकपणे राबवला. झोपून उठून कुईकुई केली की न बोलता, न लाडावता थेट अंगणात, शू झाली की मगच गप्पा. पाचव्या महिन्यात जागं राहणं दोन तासांवर नेलं. आता ती वहीही लागत नाही.

संध्याकाळचा क्रम असा बसला: साडेपाच ते सात झोप. ही झोप चुकली की पुढचं सगळं फिसकटतं. सात-सव्वासातला बाहेर, पण पळवायला नाही, हुंगायला. एप्रिल-मेमध्ये सातलाही डांबर तापलेलं असतं. हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहायची, आपल्याला चटका तर तिच्या पंजाला चटका. तिच्या लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, मी तिला कडेवर घेऊनच फिरले. मग पावणेआठला जेवण. सव्वाआठला रबरी चाटायची चटई, तिच्यावर दही आणि शिजवलेलं कोहळं पसरून फ्रीजरमध्ये गोठवलेलं. ही चटई दोनशे रुपयांची, आणि रुपयाला रुपया लावून पाहिलं तर क्रेटपेक्षा जास्त वसूल झाली. पंधरा मिनिटं चाटत राहिली की मान खाली येते, श्वास लांब होतो. शेंगदाण्याचं बटर लावणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचा, कुत्र्यांना ते विष आहे. मनुका आणि कांदा तर नकोच. हे सगळं होताना टीव्हीचा आवाज कमी, हॉलमधला मोठा दिवा बंद. मालिकेच्या वेळी हे घडवून आणणं हाच या सगळ्यातला अवघड भाग होता.

फरक पडायला किती दिवस लागले? चावणं आठवड्यात निम्म्यावर आलं. पूर्ण शांत संध्याकाळ पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात मिळाली. आम्ही सगळे काहीतरी बिघडलंय असे एकमेकांकडे बघत बसलो होतो.

आता कूलरची गोष्ट. ही कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. उन्हाळाभर क्रेट हॉलमध्ये कूलरच्या झोतात होता. तीन बाजूंनी जुनी सुती चादर, कूलरकडची बाजू उघडी. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश ठरलेलेच, त्यामुळे चारही बाजूंनी झाकायचा प्रश्नच नव्हता. कुत्रं अंगाने घामाघूम होत नाही, धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतं आणि थंड होतं. खिडक्या बंद करून कूलर लावला तर हवा दमट होते आणि ते पाणी उडत नाही. म्हणून खिडकी उघडी, आणि लाइट गेली की पहिल्यांदा क्रेटचं दार उघडायचं, हा आमच्याकडे नियमच झाला.

तर सगळं सुरळीत चाललं होतं. जूनअखेर पाऊस लागला, कूलर बंद झाला, आणि तर्री पुन्हा मार्चमधली तर्री झाली. तीन दिवस आम्ही जंत, दात, पावसाचा वास असं सगळ्यांवर खापर फोडलं. दाताचं थोडं खरंही होतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के येत असतात, हिरड्या शिवशिवतात. गोठवलेलं गाजर दिलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. चौथ्या दिवशी उकडतंय म्हणून नवऱ्याने पाणी न भरता नुसता कूलरचा पंखा लावला. तो घरघरायला लागला आणि दहा मिनिटांत तर्री एक लांब सुस्कारा टाकून आडवी. दूधवाला, बेल, शिट्टी, सगळं त्या घरघरीत बुडून जात होतं. क्रेटला मी तीन महिने जे श्रेय देत होते, त्यातलं निम्मं कूलरचं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात एक खडखडणारा टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, ती करू नका. जुलैत एकदा घाईत गळ्यातला पट्टा न काढता तिला आत सोडलं. पट्ट्याला लेकीने घुंगरू बांधलं होतं. ते जाळीत अडकलं. मी स्वयंपाकघरात, आणि आवाज आला तो भुंकण्याचा नव्हता. धावत गेले तर ती मान पिळून मागे ओढत होती, क्रेट फरशीवर सरकत होता, आणि ती जितकी ओढेल तितका पट्टा आवळत होता. माझी बोटं आत जाईनात. शेवटी तिलाच पुढे ढकललं, तेव्हा पट्टा सैल पडला आणि बक्कल निघालं. अर्ध्या मिनिटाचा खेळ, पण माझे हात तासभर कापत होते. क्रेटमध्ये पट्टा नाही, हार्नेस नाही, काही नाही. त्यानंतर ती पंधरा दिवस आत गेली नाही. पुन्हा वाटी दाराशी, पुन्हा मेथी.

घसरण अजूनही होते. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी लाकडी बैल घेऊन पोट्टे बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) मागायला येत होते. दर पाच मिनिटांना बेल, दर वेळी नवी मुलं, सगळ्यांनाच तर्रीचे लाड करायचे. नऊ वाजता तिने एका बैलाचं शिंग पळवलं. दिवाळीत क्रेट कामालाच आला नाही. फटाके सुरू झाले की ती दिवाणाखाली शिरायची. तिथेच राहू दिली, फॅन तिकडे वळवला. भेदरलेल्या जिवाला ओढून क्रेटमध्ये कोंबलं तर पुन्हा ते दार तिच्यासाठी वाईटच ठरणार.

आता वस्तूबद्दलच्या तक्रारी. कूलरच्या ओलाव्याने दोन्ही कड्यांना जुलैपर्यंत गंज चढला. पावडर कोटिंग आहे असं लिहिलं होतं, पण जिथे ती दात घासायची तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटला. तो भाग मी घासून काढला आणि बाहेरून जाड कापड शिवून घेतलं. ट्रे ऑगस्टमध्ये तडकला. विकणाऱ्याचं उत्तर, सुटा ट्रे मिळत नाही. सुटा मिळत नाही तर दुसरा पूर्ण क्रेट घ्यायचा का? शेवटी मापाची पीव्हीसी शीट कापून आणली, साडेतीनशेत काम झालं आणि ती आधीच्या ट्रेपेक्षा मजबूत निघाली. आणखी एक म्हणजे ट्रे जाळीवर खडखडतो. पिल्लाने कूस बदलली की खड्, आणि त्याच आवाजाने ते जागं. ट्रेच्या खाली जुना टॉवेल घाला, पहिल्याच दिवशी. वजन जास्त आहे, दुसऱ्या मजल्यावर एकटीने नेता येत नाही. घडी मात्र खरंच सोपी.

पाचापैकी साडेतीन तारे. चटईला पाच. टेबल फॅनचे तारे मोजायला जागा नाही.

हल्ली दार काढूनच ठेवलंय. सव्वाआठला ती स्वतः आत जाते, तीनदा गोल फिरते, गोधडी उकरते आणि पडते. वरच्या सपाट भागावर सासूबाई दुपारी मुगवड्या वाळत घालतात, म्हणजे हॉलमधली जागा वाया जात नाही.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतले काका आले. त्यांच्याकडे अडीच महिन्यांचं लॅब्राडोर आहे, संध्याकाळी धोतर सोडत नाही म्हणे. "तुमचा क्रेट मोकळाच दिसून राहिला, देता का महिनाभर?" मी त्यांना लेकीची ती वही दिली. म्हटलं, आधी आठ दिवस झोप लिहा, मग क्रेट न्या. आज सहावा दिवस. काल फाटकातून ओरडून गेले की आकडा साडेबारावर अडकलाय.