लिनक्सवर डेस्कटॉप कोणता? आधी आवाजाचं बघा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ‘लॅपटॉप तर बरा चालतोय, त्यावर लिनक्स टाकू का?’ असं विचारणारे वाढलेत. त्यापाठोपाठ येतो ‘डेस्कटॉप कोणता घेऊ?’ हा प्रश्न. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर दिसणारा मेनू, खिडक्या, सेटिंग यांचा संच; लिनक्सवर ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई असे कित्येक मिळतात. बहुतेक जण हा प्रश्न स्क्रीनशॉट बघून सोडवतात. पण आठ-दहा दिवस वापरल्यावर ज्या तक्रारी सुरू होतात त्या दिसण्याच्या नसतात. ब्लूटूथ जोडलंय तरी आवाज स्पीकरमधूनच येतोय, मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतोय, टीव्हीला केबल लावली तर चित्र दिसतं आणि टीव्ही मुका. म्हणून ही तुलना आवाजाच्या बाजूने.

डेस्कटॉप म्हणजे इथे नुसती नळाची तोटी आहे, पाणी मागून येतं. सगळ्यात खाली कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली आल्सा, म्हणजे साउंड कार्डाशी थेट बोलणारा थर. त्याच्यावर साउंड सर्व्हर: कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या स्पीकरला न्यायचा ते हा ठरवतो. डेस्कटॉप त्याच्याही वर. सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ असं दिसलं तर साउंड कार्ड खालच्या थरालाच सापडलेलं नाही असं समजा. अशा वेळी ग्नोम काढून केडीई टाकण्यात संध्याकाळ घालवू नका, काही फरक पडणार नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर बऱ्याचदा कर्नल जुना असतो किंवा साउंडचं फर्मवेअर पॅकेज आलेलं नसतं.

पल्सऑडिओ की पाइपवायर

हे दोन साउंड सर्व्हर. खरी निवड ही आहे, आणि ती डेस्कटॉपपेक्षा डिस्ट्रोच्या (फेडोरा, उबुंटू, मिंट, डेबियन अशा तयार लिनक्सच्या) आवृत्तीवर ठरते.

पल्सऑडिओ लेनार्ट पॉटरिंग यांचं. फेडोराने ते २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये घेतलं. सुरुवातीची काही वर्षं त्याने लोकांना इतका त्रास दिला, की ‘आवाज गेला? पल्सऑडिओ काढून टाका’ हा सल्ला आजही जुन्या लेखांत सापडतो. तो सल्ला पाळू नका. पुढे ते चांगलं स्थिरावलं आणि गाणी, सिनेमे, साधे कॉल यांना आजही पुरतं.

पाइपवायर रेड हॅटमधल्या विम टायमन्स यांनी मुळात व्हिडिओसाठी सुरू केलं, आवाज नंतर आला. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ पासून, उबुंटूत २२.१० पासून आणि लिनक्स मिंटमध्ये २२ पासून हाच आपोआप येणारा सर्व्हर आहे. मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हवर मिंट २१ असेल तर तुम्हाला पल्सऑडिओ मिळेल. डेबियन १२ ची तर गंमतच आहे: ग्नोम घेतलं तर पाइपवायर, एक्सएफसीई घेतलं तर पल्सऑडिओ. जुन्या प्रोग्रॅमना पाइपवायर आपण पल्सऑडिओच आहोत असं भासवतं, त्यामुळे ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हे जुनं, कामाचं पॅनेल तसंच चालतं. आतला सर्व्हर बदललाय हे कित्येकांना कळलेलंही नसतं.

फरक जाणवतो तो ब्लूटूथवर. चांगल्या आवाजाच्या प्रोफाइलमध्ये (जोडणीच्या प्रकारात) हेडफोनचा माइक बंद असतो आणि माइक हवा असेल तर फोन कॉलच्या प्रोफाइलवर जावं लागतं, तिथे आवाज एकपदरी (मोनो) आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झचा. ही मर्यादा ब्लूटूथची, लिनक्सची नाही. पण पाइपवायरवर मीटिंग सुरू झाली की प्रोफाइल आपोआप बदलतं आणि संपली की परत येतं. पल्सऑडिओवर हे बहुधा हातानेच करावं लागायचं. माझं मत विचाराल तर मीटिंगला माइक लॅपटॉपचा ठेवा आणि ऐकायला ब्लूटूथ. समोरच्यालाही तुमचा आवाज बरा ऐकू येईल.

दुसरा फरक घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. गाणं, हार्मोनियम, की-बोर्ड असं काही यूएसबी इंटरफेसमधून घेणार असाल तर पूर्वी जॅक हा वेगळा सर्व्हर चालवावा लागे आणि साउंड कार्डावरून त्याची नि पल्सऑडिओची ओढाताण होई. पाइपवायर दोघांच्याही भाषा बोलतं: आर्डर या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग चालू आणि शेजारी ब्राउझरमध्ये तानपुरा, दोन्ही एकदम. मुळात त्याचा बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) १०२४ सॅम्पलचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला सुमारे २१ मिलिसेकंद. ऐकायला ठीक, वाजवताना खटकतो. तो १२८ वर आणला की सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. आवाज आत जाऊन परत बाहेर यायला लागणारा वेळ याहून जास्त, आणि मशीन जुनं असेल तर इतक्या लहान बफरवर आवाज तडतडू लागतो, तेव्हा २५६ वर थांबा.

आता डेस्कटॉप

केडीई प्लाझ्मा आवाजाच्या बाबतीत सगळ्यात मोकळा. कोपऱ्यातल्या स्पीकरवर क्लिक केलं की एका टॅबमध्ये उपकरणं, दुसऱ्यात चालू प्रोग्रॅम, प्रत्येकाचा वेगळा स्लायडर. एखाद्या खिडकीतून आवाज येत असेल तर टास्कबारवर तिच्या बटनावरच खूण दिसते, ती दाबली की तेवढीच गप्प. केडीई कनेक्ट या ॲपने फोन जोडला असेल तर कॉल आल्यावर चालू गाणं थांबतं. सेटिंगचं जंगल मात्र आहे. ज्याला प्रत्येक बटन दाबून बघायची सवय आहे त्याने स्वतःला आवरावं.

ग्नोममध्ये वर उजवीकडे एकच स्लायडर, बाजूच्या बाणातून स्पीकर किंवा हेडफोन निवडायचा. माइकचा स्लायडर कोणी माइक वापरत असेल तरच दिसतो, हे मला फार आवडतं. प्रोग्रॅमनिहाय आवाज हवा असेल तर सेटिंगमध्ये आत जावं लागतं. कमी पसारा, कमी गोंधळ. पण एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या छोट्या सुविधा) लावून ग्नोमला विंडोजसारखं करायचा बेत असेल तर तो सोडा, दर सहा महिन्यांच्या नव्या आवृत्तीत त्यातलं काही ना काही बिघडतं.

मराठी टायपिंगातही ग्नोम जरा पुढे. साधा इन्स्क्रिप्ट सगळीकडे चालतो. पण रोमन अक्षरं मारून मराठी उमटवायचं असेल तर त्यासाठी लागणारं आयबस हे टायपिंगचं साधन ग्नोममध्ये आधीच जोडलेलं असतं. प्लाझ्मात, वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर), ते व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानात जाऊन निवडावं लागतं. हे पान तिथे का ठेवलंय ते देव जाणे.

मिंटचा सिनॅमन विंडोजवरून येणाऱ्याला सगळ्यात कमी परका. आवाजाच्या सेटिंगमध्ये कमाल पातळी १५० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. मिणमिणत्या स्पीकरच्या जुन्या लॅपटॉपवर ती उपयोगी पडते, जास्त ताणली तर आवाज फाटतो. आईबाबांच्या मशीनवर मी हाच टाकेन, मिंट २२ किंवा पुढचा.

रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. हलका आहे, आवाजाच्या बारीक कामांना वेगळी खिडकी उघडावी लागते, बस. ब्राउझर मात्र तिथेही तेवढीच रॅम खातो.

दोनात अडकला असाल तर दोन्ही पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. गाणं लावा, ब्लूटूथ जोडा, माइकवर दोन वाक्यं रेकॉर्ड करा, टीव्हीची केबल लावा. मग झाकण बंद करून पुन्हा उघडा आणि गाणं परत लावा. झोपेतून उठल्यावर आवाज गेलेला असेल तर तो इन्स्टॉल केल्यावरही जाईल, त्या वेळी डेस्कटॉप न बदलता त्याहून नव्या कर्नलची डिस्ट्रो आणून बघा.