धुराडं डावीकडे होतं

ठेकेदाराने पाठवलेल्या फोटोत आमच्या पोर्तुगालातल्या घराचं छप्पर पूर्ण झालं होतं. नव्या नळ्यांच्या कौलांच्या सरळ रांगा, वर निळं आभाळ. इंग्लंडातल्या स्वयंपाकघरात बसून मी तो चार जणांना पाठवलासुद्धा. सावंतवाडीहून सासूबाईंचा फोन आला, "गो, तुमचा धुराडा डावीकडे होता मा? हेच्यात उजवीकडे कसा?" फोटो आरशासारखा उलटा झाला असेल, असं सांगून मी त्यांची समजूत काढली. माझीही.

घर पोर्तुगालच्या मध्यावर, फुंदांवजवळ, गार्दुन्या डोंगराच्या पायथ्याशी. चेरीच्या बागांचा मुलूख. जाड दगडी भिंती भक्कम होत्या, पण वासे कुजलेले. पहिल्या सुट्टीत आम्ही तिथेच धुळीत मुक्काम ठोकला. सकाळी पावाची गाडी हॉर्न वाजवत यायची. अंगणात गॅसच्या शेगडीवर पोहे, पाणी शेजारच्या आजीच्या नळाचं. ती रोज भाजीचा एक गड्डा उंबऱ्यावर ठेवून जायची. मजेत होतो, खोटं कशाला सांगू.

ठेकेदार भेटला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात. आम्ही भारतीय म्हटल्यावर त्याचा पहिला शब्द, "गोवा?" त्याचा काका म्हणे तिथे शिपाई होता, 1961 च्या डिसेंबरात पकडला गेला आणि काही महिने कैदेत राहिला. मग तो घरभर फिरून बोट दाखवत शब्द सांगू लागला. खिडकीला जनेला, म्हणजे माझ्या आजीचं जनेल. बाल्द म्हणजे आमची बालदी. शाव म्हणजे चावी. संध्याकाळपर्यंत तो आपलाच माणूस झाला होता आणि खरीखुरी शाव त्याच्या खिशात होती.

छपराचा आकडा 14,500 युरो. "बिल हवं असेल तर वर 23 टक्के कर." म्हणजे आणखी 3,335. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बिल नको म्हणालो. इथे लबाडी आमचीही होती, ती लपवत नाही. पुढे वकिलाकडून कळलं की राहत्या घराच्या दुरुस्तीत मजुरीवर बऱ्याचदा 6 टक्केच कर लागतो. म्हणजे जे वाचवायला गेलो, ते तेवढं नव्हतंच.

निम्मे, 7,250 युरो, आगाऊ दिले. काही रोख, उरलेले बँकेतून, पण खातं "भाच्याचं". महिन्याभराने निरोप आला, लाकूड आलंय, 4,000 लागतील. सोबत वाशांच्या ढिगाचा फोटो. वासा कुणाचाही असू शकतो, हे कोकणातल्या मुलीला सुचू नये! नोकऱ्या सांभाळून आणि 180 दिवसांत 90 दिवसांच्या ब्रिटिश पासपोर्टाच्या मर्यादेत आम्ही तिथे किती जाणार? फोटोवरच संसार चालला होता.

ईस्टरला पोहोचलो तेव्हा चेरी फुलली होती. रस्त्याकडून दिसणाऱ्या अर्ध्या छपरावर जुनीच कौलं धुऊन लावलेली. मागे ताडपत्री, तीही फाटलेली, आणि खाली गादीवर बुरशी. धुराडं डावीकडेच. फोन लागेना. शेजारच्या आजीने खांदे उडवले. दोन दिवस एक पोरगा आला होता म्हणाली, मग कुणीच नाही.

कोटेशनवर छापलेला परवान्याचा क्रमांक मी त्या रात्री पहिल्यांदा तपासला. इम्पिक या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तो फुकट, दोन मिनिटांत तपासता येतो. निघाला भलत्याच कंपनीचा. आपल्या कर क्रमांकावर फाडलेली बिलं कर खात्याच्या ई-फातुरा पानावर दिसतात. माझं पान अर्थात कोरं. बांधकामातल्या दोषांची 5 वर्षं जबाबदारी ठेकेदारावर असते, पण ठेकेदार कोण हे कागदावर सिद्ध करायला हवं ना. पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "बिल?" 11,250 युरोंपैकी एकही परत आलेला नाही.

तिकडे घर घेतलं असेल तर कृपा करून बिल घ्याच. बिलावरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे का ते पाहा. पैसे काम उभं राहील तसे द्या, लाकूड "येणार" म्हणून नाही. फोटोत आपल्या अंगणातली एखादी वस्तू दिसलीच पाहिजे असं बजावा. आता आमच्या फोटोंत लिंबाचं झाड असतं, आणि चावी आजीकडे असते. नवा गवंडी एकच्या ठोक्याला थापी टाकून जेवायला जातो, हळू चालतो, गोव्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

नवरा अजून म्हणतो, त्या ठेकेदाराचा काका गोव्यात होता हे तरी खरं असेल. असेलही.