हजार येनच्या आसपास जपानी जेवण: ग्यूदोन, फिरती सुशी, उदोन की कोको इचीची करी?

मार्च उजाडला की चेरी ब्लॉसम बघायला येणाऱ्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात, तिकीट झालं, हॉटेल झालं, की गाडी खाण्यावर येते. "अगं तिथे स्वस्तात नीट बसून जेवण्यासारखं काय आहे, सारखं इंडियन शोधत फिरायचं नाहीये आम्हाला." प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी टोकियोत निशी-कासाईला राहते, म्हणजे इंडियन हॉटेलं अगदी दाराशी आहेत, तरी आठवड्यातून एकदोनदा आम्ही जपानी चेनमध्येच जेवतो, कारण खिशाला तेच परवडतं.

हिशोबाला १०० येन म्हणजे ५५-६० रुपये धरा. टीप द्यायची नसते, पाणी नाहीतर चहा फुकट. फक्त किंमत टॅक्ससकट लिहिलीये का ते बघून घ्या (बसून खाल्लं तर १० टक्के, पार्सलला ८).

खरं सांगू का, हे चारही पर्याय पैशाच्या बाबतीत एकमेकांपासून फार लांब नाहीत. ठरवताना किंमत बघूच नका, बरोबर कोण आहे आणि ते काय खात नाही हे बघा. मागच्या एप्रिलमध्ये ठाण्याहून सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही चारही प्रकार करून बघितले. सासूबाई कट्टर शाकाहारी (अंडंही नाही), सासऱ्यांना मासे चालतात पण "कच्चं काही नको", नवऱ्याला काहीही चालतं आणि लेक आठ वर्षांचा. एवढी व्हरायटी तुमच्याकडेही असणारच.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ग्यूदोन. योशिनोया, सुकिया, मात्सुया या तीन चेन प्रत्येक मोठ्या स्टेशनबाहेर दिसतील, बरीचशी दुकानं जवळजवळ चोवीस तास उघडी, साधा बोल साडेचारशे-पाचशे येनला, ऑर्डर दिल्यावर दोन मिनिटांत समोर. पण ग्यू म्हणजे बीफ हे आधी लक्षात घ्या. गरम भातावर सोया सॉसमध्ये कांद्याबरोबर शिजवलेले बीफचे पातळ काप, तोच तर सगळा पदार्थ आहे, "बीफ काढून द्या" म्हणायला जागाच नाही. योशिनोया १८९९ साली निहोनबाशीच्या मासळीबाजारात सुरू झालं, तिथल्या घाईतल्या लोकांसाठी, आणि ती घाई अजून गेलेली नाही. माणसं येतात, खाली मान घालून दहा मिनिटांत खातात, निघतात. २००३ च्या शेवटी मॅड काऊ रोगामुळे अमेरिकेचं बीफ यायचं बंद झालं तर योशिनोयाने २००४ मध्ये जवळजवळ सगळ्या दुकानांतून ग्यूदोन बंद केलं आणि पोर्कवर दोन-अडीच वर्षं काढली, पण दुसरीकडचं बीफ घालून चव बदलू दिली नाही. हा हट्टीपणा मला आवडतो.

बीफ खात नसाल पण मासे खात असाल तर इथे सकाळी जा. नाश्त्याला भाजलेला सामन मासा, भात, मिसो सूप असं ताट मिळतं, सासऱ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं. मात्सुयात मशिनवर आधी तिकीट काढायचं असतं, मशिनवर इंग्लिशचं बटण आहे, घाबरू नका. काउंटरवरचं लाल लोणच्याचं आलं फुकट असतं, हवं तेवढं घ्या. एकट्याने फिरताय, रात्रीचे अकरा वाजलेत, भूक लागलीये, बीफ चालतं, तर डोळे मिटून हेच. आईवडिलांना घेऊन मात्र नको, मागे माणसं उभी राहिली की त्यांना घास जात नाही.

आता सुशी, कारण सगळ्यांना तीच हवी असते. पट्ट्यावर फिरणारी सुशी ही कल्पना योशिआकी शिराइशी नावाच्या माणसाची, बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून त्याला ती सुचली आणि १९५८ मध्ये हिगाशी-ओसाकाला त्याने पहिलं दुकान काढलं. पण व्हिडिओत बघून तुम्ही जे डोक्यात घेऊन येता ना, समोरून प्लेटा फिरतायत आणि आपण उचलतोय, ते आता बऱ्याच ठिकाणी राहिलेलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला एका पोराचा टेबलावरची सोया सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ व्हायरल झाला, त्यानंतर अनेक चेननी उघड्या प्लेटा फिरवणं कमी केलं किंवा बंदच केलं. आता टॅबलेटवर ऑर्डर करायची, सुशी वेगळ्या पट्ट्यावरून सुसाट येऊन तुमच्या टेबलापाशी थांबते. पोरांना तेही भारीच वाटतं. सुशिरो, कुरा, हामा ही मोठी नावं. पूर्वी १०० येनची प्लेट होती, आता ११०-१२० पासून पुढे, शहराच्या मध्यात आणखी जास्त. एका प्लेटीत बहुतेक वेळा दोन तुकडे.

टेबलावर एक छोटा नळ असतो, खाली काळं बटण, कप टेकवून दाबायचं. तो चहाचा नळ आहे!! बाजूच्या डबीतली हिरवी पूड चमचाभर कपात घालायची आणि त्यावर हे कढत पाणी. सासऱ्यांना वाटलं वा, काय सोय आहे, जेवायच्या आधी हात धुवायला जागेवरच बेसिन, आणि मी टॅबलेटमध्ये भाषा बदलत होते तोवर त्यांनी दोन बोटांनी बटण दाबलं. बोटं लाल. पुढची दहा मिनिटं ती बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात आणि दुसऱ्या हाताने टॅबलेटवर त्यांचा सामनचा शोध सुरू. भाजून दिलेली सुशीही असते बरं का, वरून ज्योत मारलेली, 'आबुरी' म्हणतात, पण ती आतून कच्चीच असते, त्यामुळे कच्चं नको म्हणणाऱ्यांनी शिजवलेली कोळंबी घ्यावी.

शाकाहारी माणसाचे मात्र हाल आहेत. काकडीचा रोल, नातो (आंबवलेलं सोयाबीन, तार सुटते, वास मोज्यांचा), आणि फ्रेंच फ्राइज. इनारी म्हणून गोडसर तोफूची पिशवी असते, ती दिसायला शाकाहारी, पण बहुतेक वेळा दाशीत उकळलेली, म्हणजे माशाचा अर्क आलाच. सासूबाईंनी काकडीच्या तीन प्लेटा खाल्ल्या आणि "पोट भरलं हो" म्हणाल्या, ज्याचा अर्थ प्रत्येक सुनेला कळतो. लेक मात्र खूश. कुरामध्ये रिकाम्या प्लेटा टेबलाच्या फटीत टाकायच्या, पाच झाल्या की स्क्रीनवर गेम लागतो, जिंकलं तर खेळण्याचा गोळा पडतो. त्याने आजीच्या काकडीच्या प्लेटासुद्धा मोजून घेतल्या. बिल चौघांचं आणि त्याचं मिळून साडेपाच हजार येनच्या आसपास, म्हणजे माणशी अकराशे. शनिवार-रविवारी संध्याकाळी आयत्या वेळी जाऊ नका, आम्ही एकदा दीड तास बसलोय.

उदोन, म्हणजे मैद्याच्या जाड नूडल्स, हा माझा लाडका, त्यामुळे इथे मी थोडी पार्शल आहे. मारुगामे सेइमेन या उदोनच्या चेनचं नाव कागावा प्रांतातल्या मारुगामे शहरावरून घेतलंय, उदोनचं माहेर म्हणजे कागावा, पण पहिलं दुकान निघालं २००० साली ह्योगोतल्या काकोगावाला. आत गेलं की सरळ कॅन्टीनचा कारभार, ट्रे उचला, काउंटरवर मोठ्या कढईतून उदोन काढत असतात तिथे बोट दाखवून सांगा, पुढे सरका, चिमट्याने भजी घ्या, पैसे द्या, मग कांद्याची पात, आलं, तळणीचा चुरा फुकट, लागेल तेवढं. भजी म्हणजे तेंपुरा हो, पण काकिआगे हातात घेऊन बघा, कांद्या-गाजराच्या उभ्या कापांचा तो तळहाताएवढा पुंजका ही सरळसरळ आपली खेकडा भजी आहे. सासरे दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर घरचंच." वर भजी, खाली रस्सा, भजी भिजली की आणखी मजा. माणशी सहाशे-आठशे येनमध्ये पोट तट्ट.

कट्टर शाकाहारींसाठी इथेही तीच अडचण, रस्सा दाशीचा, आणि भजीच्या तेलात कोळंबी-चिकनही पडलेलं असतं. पण एक वाट आहे. 'कामाआगे' मागवा, उकळलेला उदोन त्याच गरम पाण्यात, लाकडी घंगाळात येतो, आणि माशाचा रस्सा वेगळ्या वाटीत. उदोनमध्ये मैदा, मीठ, पाणी एवढंच. सासूबाईंनी वाटी सासऱ्यांकडे सरकवली, उदोनवर आलं आणि पात घातली आणि पर्समधून मेतकुटाची डबी काढली. बाहेरचं खाणं दुकानात काढू नये हे मला माहितीये, मी इकडेतिकडे बघितलंही, पण त्यांचं पहिलं पोटभर जपानी जेवण तेच होतं, मी काय बोलणार.

कोको इची, म्हणजे कोको इचिबानया, १९७८ पासूनची नागोयाकडची चेन. जपानी करी आपल्या करीसारखी नसते, मैद्याने घट्ट केलेली, गोडसर, ब्रिटिशांच्या हातून इथे आलेली. भात किती ग्रॅम ते तुम्ही सांगायचं, तिखट किती ते नंबराने निवडायचं (वाढवलं की थोडे पैसे वाढतात). आता सापळा बघा. मेनूवर भाज्यांचा फोटो असलेली साधी 'यासाई करी' मागवलीत तर भाज्या खऱ्या, पण सॉस पोर्कचा. शाकाहारी हवं तर 'बेजी करी' असं स्पष्ट म्हणा, तिच्या सॉसमध्ये प्राण्यांचं काही नाही, सगळ्या शाखांत मिळतेच असं नाही म्हणून आत शिरतानाच विचारा. भांडी वेगळी असतात का वगैरे पातळीवर जाणाऱ्यांनी मात्र गप आपलं निशी-कासाई गाठावं. सासूबाईंनी ४ नंबरचं तिखट घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, पिठल्यात गूळ पडलाय. तरी संपवलं. टॉपिंग घेत गेलात तर बिल हजाराच्या वर जातं, तिथे जरा आवरा.

तर तुमच्यात एकही शुद्ध शाकाहारी असेल तर कोको इची किंवा मेतकुटासह उदोन, पोरं असतील तर एकदा सुशी, तीही कामाच्या दिवशी दुपारी दोन-अडीचला, बाकी सगळ्यांना मी उदोनच सांगणार. कुठेही गेलात तरी १२ ते १ टाळा, ऑफिसं सुटलेली असतात. आणि उदोनवाल्यांकडे ट्रे आपला आपण परत नेऊन ठेवायचा असतो. आमच्या सासूबाई ट्रे ठेवायला गेल्या, आतल्या मुलीने वाकून आरिगातो (धन्यवाद) म्हटलं, तर याही वाकल्या, मग ती परत वाकली, आणि ते संपेचना, शेवटी लेकाने हात धरून बाहेर आणलं.