ल्युपसमध्ये आयएनआर: घरचं मशीन की लॅब?

ल्युपसमुळे, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारामुळे, मेंदूत गुठळी होऊन एकदा तोंड वाकडं झालं आणि रक्तात अँटिफॉस्फोलिपिड (गुठळ्या घडवणाऱ्या) अँटिबॉडी निघाल्या, की वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी बहुधा कायमचीच मागे लागते. मग सवाल उरतो आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर होतो ते सांगणाऱ्या आकड्याचा. बोट टोचून घरीच बघायचा, की लॅबला शिरेतलं रक्त द्यायचं?

सोयीला मशीनच. एक थेंब, मिनिटभरात आकडा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको. कलेक्शनवाला मुलगा कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की ऑफिसची लोकल गेलीच. स्ट्रिप महाग पडतात, पण रजेपेक्षा परवडल्या म्हणा. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून मशीन खुशाल घ्यावं.

ल्युपसवाल्यांची गोम निराळी. स्ट्रिपवरच्या रसायनात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात आणि काहींच्या अँटिबॉडी नेमक्या त्यांच्याच आड येतात. रक्त स्ट्रिपवर उशिरा गोठतं, अंगात मात्र गुठळ्या करायला टपलेलंच असतं. मशीन 4.5 दाखवतं, तेव्हा लॅबचा आकडा 2.8 निघू शकतो. त्या 4.5 वर विसंबून गोळी कमी केली की मेंदूत पुन्हा गुठळीला रान मोकळं. म्हणून 4 च्या वर आकडा गेला की लॅब गाठावी लागतेच, म्हणजे स्ट्रिपही गेली आणि सकाळही. प्रत्येकाच्या बाबतीत असं होईलच असं नाही, पण दर वेळी ‘हा आकडा खरा का?’ ही धाकधूक मला तरी नको वाटते.

मशीन घेतलंच असेल तर आधी काही वेळा एकाच सकाळी दोन्हीकडे तपासा आणि आकडे डॉक्टरांपुढे ठेवा.

लॅबचीही पथ्यं आहेत. निळ्या झाकणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलीच पाहिजे: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य). अर्धवट भरली तर आयएनआर उगाच वाढीव येतो, तेव्हा सुई निघायच्या आधी ट्यूबकडे नजर टाका. लॅब शक्यतो बदलू नका. रीएजंट (तपासणीचं रसायन) बदललं की आकडा हलतो. नमुना सकाळी द्या, गोळी संध्याकाळी ठेवा, म्हणजे रिपोर्ट बघून डॉक्टरांना त्याच दिवशी डोस बदलता येतो. लॅबच्या आकड्याचीही शंका आली तर गोळीचा परिणाम वेगळ्या पद्धतीने मोजणाऱ्या क्रोमोजेनिक फॅक्टर टेनबद्दल विचारा. त्या तपासणीत या अँटिबॉडी लुडबुड करत नाहीत.

तपासणीचीच कटकट नको म्हणून रिव्हरॉक्साबॅन (आयएनआर बघावा न लागणारी रक्त पातळ करायची गोळी) मागणारेही भेटतात. तपासल्या जाणाऱ्या तिन्ही प्रकारच्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील तर तो विषय काढूच नका: इटलीतल्या अभ्यासात त्यावर वॉरफरिनपेक्षा जास्त गुठळ्या झाल्या आणि अभ्यासच मध्येच थांबवावा लागला. 2018 मध्ये तो छापून आला आहे.