फ्रँक टिकेलींचं ‘शेनान्डोआ’: हॉर्न नसलेल्या बँडने घ्यावं का?

‘शेनान्डोआ’ म्हणजे अमेरिकन संगीतकार फ्रँक टिकेलींनी त्याच नावाच्या अमेरिकन लोकगीतावर बँडसाठी केलेली रचना. धुळे-जळगावकडच्या बँडला तिच्या नोटेशनचा संच घ्यायचा असेल तर आधी हॉर्नचं (गोल वळणांच्या पितळी फ्रेंच हॉर्नचं) काय करणार ते ठरवा. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका शाळेच्या बँडने, हॉर्न वाजवणाऱ्या आपल्याच एका मुलाच्या स्मरणार्थ ही रचना करून घेतली. 1999 साली मॅनहॅटन बीच म्युझिकने ती छापली. लोकगीताची पहिली चाल हॉर्न आणि युफोनियमच्या (छोट्या ट्यूबासारख्या पितळी वाद्याच्या) तोंडी आहे. आपल्याकडे ट्रंपेट, क्लॅरनेट, सॅक्सोफोन, युफोनियम मिळतात; हॉर्न क्वचितच.

ती ओळ ट्रंपेटला देऊ नका, फार उघडी वाटते. युफोनियमवाला जास्तीचा असेल तर त्याला द्या. बेस क्लेफ (खालच्या सुरांची लेखनखूण) वाचणाऱ्यासाठी हॉर्नच्या कागदावरचा सूर पाच स्वर खाली, म्हणजे ‘सी’ असेल तिथे खालचा ‘एफ’ लिहा. नाहीतर ऑल्टो सॅक्सोफोन: त्याला तोच ‘सी’ एक पूर्ण स्वर वर, ‘डी’ असा लिहावा लागतो. मधल्या फ्लूटच्या ओळी क्लॅरनेटवर चालतात, त्याही एक पूर्ण स्वर वर लिहून. ओबो आणि बसून ही वाद्यं नसली तरी अडत नाही.

सुरुवातीची पट्टी काळी दोन. ट्रंपेट-क्लॅरनेटला ती एफमध्ये पडते, ऑल्टोला सीमध्ये. बोटं अडणार नाहीत, अडेल ती फुंक. वरातीत जीव खाऊन वाजवणाऱ्या गड्यांना इथे लांब सूर अगदी हळू धरायचे आहेत. हळू वाजवताना क्लॅरनेट वर चढतो आणि पितळी वाद्यं खाली उतरतात. दोघं एकाच सुरावर असूनही बेसूर. पहिल्या ओळी आधी मध्यम आवाजात जुळवा, मग फुंकेचा वेग तोच ठेवून आवाज निम्मा करा. श्वास सगळ्यांनी बार संपतो त्या उभ्या रेघेवर एकदम घेतला तर नदीसारखी वाहायला हवी ती साथ तुटते (टिकेलींच्या मनात नदीच होती). एका ओळीवरच्या दोघांनी आळीपाळीने, सुराच्या मधेच श्वास घ्यायचा.

मेमध्ये उघड्यावर वाजवलंत तर वाद्यातली हवा तापून सूर वर जातो. ट्यूनिंगची नळी अर्धा सेंटिमीटर ओढून बघा, आणि गाडीवरचा कीबोर्ड बंदच ठेवा, तो काही चढत नाही.

वरातीसाठी हे नाहीच. शाळेचं गॅदरिंग, बंद हॉल, साडेसहा मिनिटं शांत बसणारे लोक मिळाले तरच घ्या.