चार्जरच्या नावाखाली नुसता डायोड

बोटीवर दोन बॅटरी बँक असतील, एक इंजिन सुरू करायला आणि दुसरी दिवे, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा), रेडिओ, फ्रिज यांच्यासाठी, आणि दोन्हींच्या चार्जिंगसाठी कुणी ‘स्मार्ट’ डबा बसवून दिला असेल, तर हा अनुभव जरूर वाचा. माझ्याकडून डीसी-डीसी चार्जरचे पैसे घेतले आणि बसवला साधा डायोड आयसोलेटर, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देऊन दोन बँका वेगळ्या ठेवणारा डबा, जो व्होल्टेज वाढवत नाही. त्यावर कडी म्हणजे, त्या डब्यामुळे बॅटऱ्या उपाशी राहून मान टाकू लागल्या तेव्हा ‘बॅटऱ्याच गेल्यात’ असं सांगून त्याच माणसाने मला नव्या विकल्या.

इंजिनची बॅटरी क्षणभर प्रचंड करंट देते आणि लगेच भरून निघते. घरगुती वापराची बँक मात्र रात्रभर हळूहळू उतरत जाते आणि तिला पूर्ण भरायला बराच वेळ १४.४ व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो. पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला काही उत्पादक त्याहूनही जास्त सांगतात. डीसी-डीसी चार्जर अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राकडून) येणारा व्होल्टेज गरजेप्रमाणे वाढवून बॅटरीला देतो, बॅटरीचं तापमान पाहून तो कमी-जास्त करतो आणि बँक भरली की फ्लोटवर, म्हणजे भरलेली बँक टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर येतो. बिलावर हेच लिहिलेलं होतं. डब्यावर छान डिस्प्ले होता, बल्क, अ‍ॅब्सॉर्प्शन आणि फ्लोट अशा चार्जिंगच्या तीन टप्प्यांचे तीन दिवे होते, तापमानाच्या सेन्सरची वायरसुद्धा बाहेर आलेली दिसत होती.

काही महिन्यांतच नांगर टाकून मुक्काम केला की पहाटेपर्यंत बिल्ज पंपाचा आवाज जड व्हायला लागला. नांगराचा दिवा मंद, व्हीएचएफ रेडिओवर बोलायला बटण दाबलं की स्क्रीन विझायची. ज्याने बोटीवर रात्र काढली आहे त्याला यातली भीती सांगायला नको. पंप थांबला तर पाणी थांबत नाही.

त्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून ती टिकते का पाहणारं यंत्र) लावला, काटा खाली गेला, आणि बँक निकामी ठरली. इथेच खरी लबाडी आहे. लोड टेस्ट पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर करायची असते. अर्धवट भरलेली चांगली बॅटरीसुद्धा त्या परीक्षेत नापास होऊ शकते, आणि हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. जुन्या बॅटऱ्या तो ‘भंगारात देतो’ म्हणून घेऊन गेला, त्यामुळे त्या खरंच गेल्या होत्या का हे आता कधीच सिद्ध होणार नाही. म्हणून सांगतो, वाद मिटेपर्यंत जुनी बॅटरी हातची सोडू नका.

नव्या बँकेचंही तेच व्हायला लागलं तेव्हा मी अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणला. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये अ‍ॅसिडची घनता साधारण १.२६५ असते, निम्म्यावर आली की १.१९०च्या आसपास. दिवसभर इंजिन चालवूनही माझ्या सगळ्या सेलमध्ये १.२००च्या जवळपासच आकडा. सगळे सेल सारखेच खाली, हे लक्षात घ्या. बॅटरी बिघडते तेव्हा बहुधा एखादा सेल इतरांच्या मागे पडतो. सगळे एकसारखे कमी असतील तर दोष बॅटरीत शोधायच्या आधी चार्जिंगमध्ये शोधावा.

मग इंजिन चालू ठेवून मोजायला बसलो. डब्याचा डिस्प्ले १४.३ दाखवत होता. अल्टरनेटरच्या बोल्टवरही १४.३. घरगुती बँकेच्या टर्मिनलवर मात्र १३.६. म्हणजे डिस्प्ले बॅटरीचा व्होल्टेज दाखवतच नव्हता, अल्टरनेटरचा दाखवत होता. एवढी घट बारीक केबल किंवा सैल लग (केबलच्या टोकाची कडी) यामुळेही होऊ शकते, म्हणून मल्टिमीटरची दोन्ही टोकं थेट डब्याच्या इनपुट आणि आउटपुट बोल्टवर ठेवली. तिथेच ०.६५ व्होल्ट. सिलिकॉन डायोडमधून चार्जिंगचा करंट जाताना साधारण एवढाच व्होल्टेज पडतो. उतरलेली बँक भरताना खरा डीसी-डीसी चार्जर असा खात नाही, उलट आउटपुटला इनपुटपेक्षा जास्तही देऊ शकतो.

इंजिन बंद करून, दोन्ही बँका सोडवून डबा उघडला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यांवर बसवलेले दोन मोठे डायोड, डिस्प्लेची छोटी पट्टी आणि एक टायमर. तिन्ही दिवे टायमरवर चालत होते! बँक निम्मी रिकामी असो की भरलेली, ठरलेल्या वेळाने फ्लोटचा दिवा लागणारच. सेन्सरची वायर आत कशालाच जोडलेली नव्हती. त्याने टाकलेली केबलही खोटी निघाली. टिनचा मुलामा असलेलं तांबं म्हणून दिलेली ती तार खरवडली तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. ते तांब्यापेक्षा बरंच कमी वीज वाहतं, आणि खाऱ्या हवेत तांब्याच्या संगतीने झपाट्याने गंजतं.

डायोड आयसोलेटर ही वाईट वस्तू नाही, हे स्पष्ट करायला हवं. तो डायोड म्हणूनच विकला आणि अल्टरनेटरची सेन्स वायर (व्होल्टेज कुठे मोजायचा ते ठरवणारी तार) बॅटरीच्या बाजूला जोडली, तर अल्टरनेटर तेवढा व्होल्टेज वाढवून घट भरून काढतो. माझ्या अल्टरनेटरला बाहेरची सेन्स वायर नाही, तो स्वतःच्याच टोकावर व्होल्टेज मोजतो. हे त्याने बसवताना पाहिलं होतं. म्हणजे बँक कधीच पूर्ण भरणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. सतत अर्धवट भरलेल्या लेड बॅटरीत प्लेटवर सल्फेट घट्ट बसत जातं आणि कालांतराने ते निघत नाही. गिऱ्हाईक दर थोड्या काळाने नवी बॅटरी घ्यायला येतं.

लिथियमची बँक असलेल्यांना धोका वेगळा, आणि तो जास्त मोठा आहे. त्या बॅटऱ्या अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढतात. डीसी-डीसी चार्जर त्याला मर्यादा घालतो, डायोड घालत नाही, मग अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय बॅटरीतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) भर चार्जिंगमध्ये बँक तोडली आणि अल्टरनेटरला दुसरी बॅटरी जोडलेली नसेल, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

तक्रार केल्यावर आधी ‘तुम्ही वापर जास्त करता’ हेच उत्तर मिळालं. मग मी ती बँक किनाऱ्यावरच्या चार्जरवर पूर्ण भरली. घनता १.२६०च्या वर गेली आणि तीच बँक लोड टेस्टला त्याच्याच टेस्टरवर, त्याच्यासमोर टिकली. मल्टिमीटर लावलेले फोटो, उघडलेल्या डब्याचे फोटो आणि ‘डीसी-डीसी चार्जर’ लिहिलेलं बिल समोर ठेवलं तेव्हा डब्याचे पैसे परत आले. बॅटऱ्यांचे आणि केबलचे नाही. त्यासाठी लेखी तक्रार केली आहे, निकाल लागायचा आहे.

तुमच्याकडे असा डबा असेल तर बँक निम्म्यावर उतरलेली असताना मोजा, कारण भरलेल्या बँकेत करंट कमी जातो आणि फरक लपतो. खरा चार्जरही फ्लोटवर आला की व्होल्टेज कमी ठेवतो, म्हणून भरल्या बँकेवरच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. इंजिन नेहमीच्या वेगात ठेवा, आधी डब्याच्या इनपुट आणि आउटपुट बोल्टमध्ये आणि मग बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. तासाभराने पुन्हा तेच. आकडे तारखेसह लिहून ठेवा, आणि नवीन काम देताना उपकरणाचा मॉडेल क्रमांक बिलावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.